बंदुकीचा परवाना: कायदा आधी नळी बघतो

शस्त्र परवान्याच्या अर्जात एक साधा प्रश्न असतो: कोणतं हत्यार हवं? बहुतेकजण तिथे विचार न करता 'रिव्हॉल्व्हर' लिहून मोकळे होतात. कमरेला लावता येतं, गाडीत ठेवता येतं, चारचौघांत वट राहते. पण त्या एका शब्दाने अर्ज कायद्याच्या एका पोटकलमातून दुसऱ्यात जातो, आणि तिथे सिद्ध करायचं सगळं ओझं अर्जदाराच्या डोक्यावर येतं.

शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम १३(३) दोन भागांत आहे. पहिला भाग सांगतो की संरक्षणासाठी किंवा खेळासाठी आतून गुळगुळीत आणि किमान २० इंच लांब नळीची बंदूक मागितली, किंवा पिकाच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक मागितली, तर परवाना अधिकारी परवाना 'देईल'. दुसरा भाग उरलेल्यांसाठी, म्हणजे रिव्हॉल्व्हर, पिस्तूल आणि शिकारी रायफल यांच्यासाठी. तिथे अर्जदाराकडे सबळ कारण आहे अशी अधिकाऱ्याची खात्री पटली, तरच परवाना. पहिल्या भागात नकार द्यायचा तर अधिकाऱ्याला कलम १४ मध्ये, म्हणजे नकाराच्या कारणांच्या कलमात, बसणारं कारण शोधावं लागतं. दुसऱ्या भागात कारण तुम्ही शोधायचं, कागदावर मांडायचं आणि पटवूनही द्यायचं.

२०१६ च्या शस्त्र नियमांनी गरजेची विचारणा सगळ्याच हत्यारांना लावली. त्यामुळे आज बारा बोअर, म्हणजे छऱ्याची नेहमीची बंदूक, मागितली तरी 'कशाला हवी?' हे विचारलं जातंच. तरी नियम हे कायद्याखालीच असतात. नकाराविरुद्ध अपिलात गेल्यावर 'देईल' हा शब्द वजनदार ठरतो, आणि हे ठाऊक असलेला वकील पहिलं बोट तिथेच ठेवतो.

गुळगुळीत नळी, २० इंच, बारा बोअर

रायफलच्या नळीत आतून मळसूत्रासारख्या पेचदार खाचा असतात. गोळी त्यातून फिरत बाहेर पडते, म्हणून लांबवर सरळ जाते. छऱ्याच्या बंदुकीत अशा खाचा नसतात. नळी आतून आरशासारखी साफ, त्यातून छर्रे पसरत जातात आणि थोड्याच अंतरात त्यांचा जोर ओसरतो. २० इंच म्हणजे जवळपास ५१ सेंटिमीटर. एवढी नळी आणि वर लाकडी दस्ता धरला तर ती बंदूक शर्टाखाली लपत नाही. जे हत्यार लांबूनच दिसतं आणि फार लांब मारत नाही, त्याला कायद्याने सवलत दिली. जे लपतं किंवा लांब मारतं, त्याच्यासाठी कारण मागितलं. याच हिशेबाने कलम ६ म्हणतं की परवानगीशिवाय नळी कापून आखूड करणं हाच वेगळा गुन्हा. बंदुकीचा परवाना खिशात असला तरी नळीला करवत लावता येत नाही.

बारा बोअर या नावातला बारा हा आकडा इंचांचा नाही आणि मिलिमीटरचाही नाही. एक पौंड शिशाच्या सारख्या बारा गोळ्या पाडल्या, तर त्यातली एक गोळी जेवढ्या नळीत बरोबर बसेल ती नळी बारा बोअरची. हा व्यास साधारण साडेअठरा मिलिमीटर भरतो. म्हणून इथे आकडा वाढला की नळी बारीक होते. सोळा बोअर ही बारापेक्षा लहान. रिव्हॉल्व्हर-रायफलचं गणित सरळ आहे. .३२ म्हणजे इंचाचे बत्तीस शतांश, ढोबळमानाने आठ मिलिमीटर.

हक्क की मेहेरबानी

अमेरिकेतल्या बातम्या वाचून आपल्याकडेही 'शस्त्र बाळगण्याचा हक्क' हा शब्दप्रयोग सर्रास होतो. तिथे १७९१ पासून राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती आहे, आणि २००८ मध्ये हेलर खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी बंदूक ठेवणं हा व्यक्तीचा हक्क मानला. तिथला वाद या हक्काची हद्द कुठे संपते यावर चालतो.

आपली सुरुवातच उलट टोकाची. लिटन व्हाइसरॉय असताना १८७८ चा शस्त्र कायदा आला, हिंदी माणसाला परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना सूट मिळाली. स्वातंत्र्यानंतर १९५९ चा कायदा झाला, १ ऑक्टोबर १९६२ पासून तो लागू झाला, आणि तो भेद गेला. परवान्याची सक्ती मात्र राहिली. १९९३ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका निकालाने साध्या, म्हणजे लष्कर-पोलिसांच्या नसलेल्या बोअरचं हत्यार बाळगणं जीविताच्या हक्कात, म्हणजे अनुच्छेद २१ मध्ये बसवून पाहिलं होतं. पुढे तिथल्याच पूर्णपीठाने तो निकाल मोडीत काढला. फेब्रुवारी २०२३ मध्ये उत्तर प्रदेशातल्या विनापरवाना शस्त्रांबद्दल सुनावणी करताना सर्वोच्च न्यायालयानेही अमेरिकेशी हीच तुलना केली: तिथे तो मूलभूत हक्क आहे, आपल्या घटनेने तसा हक्क कोणाला दिलेला नाही.

म्हणजे तुम्हाला बंदुकीचा हक्क नाही. तुमच्या अर्जाचा कायद्याप्रमाणे विचार व्हावा, नकार आला तर तो कारणासह लेखी मिळावा आणि त्यावर अपील करता यावं, हा हक्क मात्र पक्का आहे. कोर्टात जिंकलेली बहुतेक प्रकरणं या दुसऱ्या हक्कावर जिंकलेली असतात.

सगळीकडे .३२ च का

पहिली चाळणी नळीच्या लांबीची आणि खाचांची, दुसरी बोअरची. नियमांच्या पहिल्या अनुसूचीत निर्बंधित हत्यारांची जी यादी आहे, तिचा धागा एकच: लष्कराचं आणि पोलिसांचं काडतूस ज्यात बसतं ते हत्यार सामान्य माणसाला नको. म्हणून .३०३ आणि ७.६२ च्या रायफली, ९ मिलिमीटर, .३८० आणि .४५५ ची पिस्तुलं-रिव्हॉल्व्हरं बाद. आवाज किंवा ज्वाळा दाबणारी जोडसाधनंही त्याच यादीत. सरकारी कोठारातून काडतूस चोरीला गेलं तरी ते गावातल्या कोणाच्या बंदुकीत चालू नये, हा त्यामागचा हिशेब. स्वयंचलित हत्यारं याहून पुढची. घोडा दाबून धरला की तो सोडेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामं होईपर्यंत गोळ्या सुटत राहतात, अशी व्याख्याच कायद्यात दिली आहे, आणि ती थेट 'प्रतिबंधित शस्त्रं'. निर्बंधित बोअरची फाइल जिल्ह्यात मंजूर होत नाही, दिल्लीला गृहमंत्रालयात जाते, आणि तिथे 'गंभीर आणि नजीकचा धोका' दाखवावा लागतो.

सैन्याचे बोअर असे वजा केले की सामान्य माणसासाठी रिव्हॉल्व्हर-पिस्तुलात .३२, रायफलमध्ये .३१५ आणि .२२, छऱ्यात बारा बोअर एवढंच मुख्यतः उरतं. देशातला नागरी शस्त्रांचा बहुतेक धंदा या चार आकड्यांवर उभा आहे. जगातल्या कंपन्या ९ मिलिमीटरमध्ये दरवर्षी नवी मॉडेलं काढतात. आपल्याकडे कानपूरचा सरकारी कारखाना वेब्ली या इंग्रजी कंपनीच्या जुन्या घडणीचं, मधून मोडून उघडणारं सहा गोळ्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर वर्षानुवर्षं बनवत राहिला. गिऱ्हाईक ठरलेलं, बोअर ठरलेला, स्पर्धा जवळपास नाही; मग बदलायचं कशासाठी?

स्पर्धा नसण्याचं मोठं कारण आयातबंदी. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापासून सामान्य परवानाधारकाला परदेशी हत्यार मागवता येत नाही. नामांकित नेमबाजांना सूट आहे. परदेशात राहून कायमचं परतणाऱ्याला अटींवर एखादं हत्यार आणता येतं, पण तेही निर्बंधित बोअरचं चालत नाही आणि इथला परवाना लागतोच. म्हणजे अमेरिकेत कायदेशीर घेतलेलं ९ मिलिमीटरचं ग्लॉक पिस्तूल पुण्याला येताना तिकडेच विकून यावं लागतं. बंदीआधी देशात आलेली वेब्ली आणि स्मिथ अँड वेसनची .३२ हत्यारं मोजकीच आहेत. ती हातोहात फिरतात आणि पन्नास-साठ वर्षं जुनी असूनही कोऱ्या कानपुरी रिव्हॉल्व्हरपेक्षा कितीतरी महाग विकली जातात. ती चांगली आहेत हे खरं, पण त्या किमतीत बराच वाटा टंचाईचा आहे.

हालचाल अलीकडे दिसू लागली. २०१४ मध्ये कानपूरने महिला ग्राहक डोळ्यांसमोर ठेवून 'निर्भीक' आणलं: टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे ५०० ग्रॅमचं, बाजारात आलं तेव्हा किंमत १,२२,३६० रुपये. पर्समध्ये मावेल अशी जाहिरात झाली. पण परवाना मिळवायची वाट तीच राहिली, त्यामुळे ते नेमकं कोणत्या पर्समध्ये पोचणार हा प्रश्न तेव्हाही अनेकांनी विचारला. १ ऑक्टोबर २०२१ ला आयुध निर्माणी मंडळ बरखास्त होऊन सात सरकारी कंपन्या झाल्या. हत्यारं कानपूरच्या कंपनीकडे गेली, दारूगोळा पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे. २०२३ मध्ये 'प्रबल' आलं. त्याचं सिलिंडर बाजूला झुलून उघडतं आणि पल्ला ५० मीटर सांगितला जातो. २०१६ च्या नियमांनी खासगी कारखान्यांनाही दार उघडलं, आणि वेब्ली अँड स्कॉटचं नाव हरदोई जिल्ह्यातल्या संडीला इथून भागीदारीत पुन्हा हत्यारांवर उमटू लागलं. सप्टेंबर २०२५ पासून मात्र रिव्हॉल्व्हर-पिस्तुलावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्क्यांवर गेला. करवाल्यांच्या लेखी आता ते आलिशान बोटींच्या पंगतीत बसलंय.

महाराष्ट्राचा वाटा हत्यारापेक्षा काडतुसात जास्त. खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, वरणगावचा १९६४ चा. खडकीच्या काडतुसाच्या बुडावर, टोपीभोवतीच्या पितळी कड्यावर 'केएफ' अशी दोन इंग्रजी अक्षरं असतात: किरकी फॅक्टरी. जुनी काडतुसं जमवणारे जगभरचे लोक ही दोन अक्षरं ओळखतात. पुण्यातल्या माणसाला ती सहसा ठाऊक नसतात.

अर्ज: कुठे अडतो

पुणे, मुंबई, ठाणे, नागपूर अशा आयुक्तालयांत परवाना पोलीस आयुक्त देतात, बाकी जिल्ह्यांत जिल्हाधिकारी म्हणजे जिल्हा दंडाधिकारी. अर्ज नमुना ए-१ मध्ये आणि आता ऑनलाइन. केंद्रीय नोंदवहीत प्रत्येक परवानाधारकाचा एक एकमेव ओळख क्रमांक असतो. जुना, हाताने लिहिलेला परवाना असेल आणि त्याला हा क्रमांक घेतलेलाच नसेल, तर मुदत शिल्लक दिसली तरी तो कागद आज चालत नाही. वयाची अट २१ पूर्ण.

ओळख, पत्ता आणि वयाच्या पुराव्यांसोबत तीन गोष्टी लागतात. पहिली, शारीरिक आणि मानसिक तंदुरुस्तीचा डॉक्टरचा दाखला. दुसरी, हत्यार सुरक्षित कुठे ठेवणार याचं हमीपत्र. तिसरी, शस्त्र सुरक्षा प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र. ही तिसरी गोष्ट लोक शेवटावर ढकलतात आणि फाइल तिथेच थांबते, कारण मान्यताप्राप्त प्रशिक्षण सगळीकडे रोज चालत नाही. आधी ते उरकावं.

मग फाइल पोलीस ठाण्यात जाते. चौकशीसाठी ३० दिवसांची मुदत आहे, आणि कलम १३ मध्येच लिहिलंय की मुदतीत अहवाल आला नाही तर अधिकारी त्याची वाट न बघता निर्णय घेऊ शकतो. 'घेऊ शकतो', घ्यायलाच हवा असं नाही. अहवालाविना सही करणारा अधिकारी विरळा, त्यामुळे पाठपुरावा ठाण्यातच करावा लागतो.

रिव्हॉल्व्हरचे बहुतेक अर्ज पडतात ते कारणाच्या रकान्यात. 'व्यवसायानिमित्त मोठ्या रकमेची ने-आण करावी लागते, जिवाला धोका आहे' हे वाक्य परवाना शाखेने हजारदा वाचलेलं असतं. रक्कम किती, कुठून कुठे, आठवड्यातून कितीदा, रात्री की दिवसा, आधी काही घडलं का, घडलं असेल तर तक्रार केली का, तिचा नंबर काय? हे नसेल तर अहवालात 'सबळ कारण दिसून येत नाही' असं येतं. बँकेचा व्यवहार दाखवणारा उतारा, दुकानाचं अंतर, धमकीची तारखेसह नोंद अशा कागदांनी जे होतं ते नगरसेवकाच्या शिफारसपत्राने होत नाही. उलट एखादा चौकस अधिकारी त्या पत्रावरूनच ओळखतो की दुसरं काही हाताशी नव्हतं. आणि श्रीमंती दाखवायची गरज नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असं कलम १४ स्पष्ट सांगतं. तरी लोक सातबाऱ्यांचा गठ्ठा लावतात.

नकार आला तर कारणांची लेखी प्रत मागावी. सार्वजनिक हितासाठी ती रोखली नसेल तर ती द्यावीच लागते. मग कलम १८ खाली ३० दिवसांत अपील. आदेश खुद्द शासनाचाच असेल तर हे अपील लागत नाही, थेट उच्च न्यायालय गाठावं लागतं. अपिलात धोक्याची गोष्ट नव्याने रंगवण्यात अर्थ नसतो. आदेशात कारण आहे का, ते कायद्यात बसतं का, तुमचं म्हणणं ऐकून घेतलं का, या तीन जागी बोट ठेवावं. 'परिसरात आधीच पुष्कळ परवाने आहेत' असली कारणं तिथे टिकताना अवघड जातात.

हत्यार घरी आल्यावर

आज परवाना पाच वर्षांचा असतो. मुदत संपायच्या दोन महिने आधी नूतनीकरणाला लागावं, कारण मुदत संपलेल्या परवान्यावरचं हत्यार कायद्याच्या नजरेत विनापरवानाच, आणि विनापरवाना बाळगण्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षं कैद आहे. परवान्याच्या अटी मोडल्या तर कलम ३० खाली सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा २,००० रुपयांपर्यंत दंड. दंड किरकोळ वाटतो, पण त्यापाठोपाठ परवाना रद्द करण्याची नोटीस येते, आणि खरी शिक्षा ती असते.

रिव्हॉल्व्हर बाहेर नेताना ते केसमध्ये किंवा होल्स्टरमध्ये, लांब बंदूक पूर्ण झाकलेल्या खोळीत. वरातीत हवेत बार काढणं आता हौस म्हणून खपत नाही. २०१९ पासून त्याला कायद्यात स्वतंत्र जागा आहे: दुसऱ्याचा जीव धोक्यात येईल असा हलगर्जी किंवा जल्लोषी गोळीबार केला तर दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. हवेत गेलेली गोळी खाली येतेच, आणि मांडवात उभं असलेल्यांवरच येते.

विमानतळावरचं लफडं वेगळंच. सरावाला नेलेली बॅग तीच, प्रवासाला नेलेली बॅग तीच, आणि अस्तराच्या शिवणीत अडकलेलं एक काडतूस स्कॅनरमध्ये दिसतं. हत्यार नाही, फक्त काडतूस; तरी गुन्हा दाखल होतो, कारण काडतुसालाही परवाना लागतो. १९९४ मध्ये संजय दत्त प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 'ताबा' म्हणजे जाणीवपूर्वक ताबा असं स्पष्ट केलं होतं, आणि त्या धाग्याने असे कितीतरी गुन्हे उच्च न्यायालयांत रद्द झालेत. पण तोवर विमान चुकलेलं असतं, रात्र चौकीत गेलेली असते आणि वकिलाचं बिल आलेलं असतं. सरावाची बॅग वेगळी ठेवणं याहून स्वस्त पडतं.

कोकणातली ठासणीची बंदूक आणि आचारसंहिता

कलम १३ च्या पहिल्या भागातला 'पिकाच्या राखणीसाठी' हा तुकडा महाराष्ट्रात सगळ्यांत जिवंत आहे तो सिंधुदुर्ग-रत्नागिरीत. शेती संरक्षण परवान्यावरची ठासणीची बंदूक तोंडाकडून भरायची: दारू, गच्च बसवलेला बोळा, छर्रे, पुन्हा बोळा, आणि मागे कानावर, म्हणजे नळीच्या बुडाशी असलेल्या पोकळ बोंडावर, ठिणगी देणारी टोपी. ती पुरणार नाही असं पटवलं तर त्याच कामासाठी गुळगुळीत नळीची दुसरी, म्हणजे काडतुसी बंदूकही देता येते, असं परंतुक, म्हणजे अपवादाचं वाक्य, कलमातच आहे. ते अनेकांना माहीत नसतं.

परवान्यावर 'शेती संरक्षण' लिहिलं म्हणून रानडुक्कर मारता येतं असं नाही, आणि चुका होतात त्या इथेच. रानडुक्कर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत आहे. पिकाची नासाडी करणारं जनावर मारायचं तर कलम ११ खाली वन अधिकाऱ्याची लेखी परवानगी लागते. त्याच कलमात स्वतःच्या किंवा दुसऱ्या माणसाच्या जिवाच्या बचावाला माफी आहे. भाताच्या किंवा काजूच्या बचावाला नाही. शस्त्र परवाना बंदूक बाळगण्याची मुभा देतो, तिच्या पुढे कोण उभं आहे ते दुसरा कायदा ठरवतो. परवानगी नसताना बंदुकीचा कायदेशीर उपयोग आवाज करून कळप हाकण्यापुरता उरतो. राधानगरीसारख्या अभयारण्याच्या दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांसाठी आणखी एक टप्पा आहे. तिथे असलेल्या बंदुकीची मुख्य वन्यजीव रक्षकांकडे नोंद लागते, आणि नव्या परवान्याला त्यांची आगाऊ संमती. गाव त्या वर्तुळात असेल तर अर्ज वर्षानुवर्षं कुठे अडकलाय याचं उत्तर बहुधा तिथे सापडतं.

मग येतात निवडणुका. २०२४ च्या लोकसभेची आचारसंहिता १६ मार्चला लागली, निकाल ४ जूनला. कोकणात हा काळ आंबा-काजूचा. विधानसभेची आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली, निकाल २३ नोव्हेंबरला. ही भात कापणी. म्हणजे वानरं आणि डुकरं जेव्हा हक्काने येतात, नेमकी तेव्हाच राखणीची बंदूक पोलीस ठाण्यात.

सरसकट जमा करण्याला मात्र कायद्याचा आधार नाही. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००९ च्या, गोव्यातून गेलेल्या प्रकरणातल्या निकालानंतर निवडणूक आयोगाने पद्धत बसवली. प्रत्येक जिल्ह्यात छाननी समिती, तिच्यात जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक. जामिनावर सुटलेले, गुन्हेगारी पूर्वेतिहास असलेले, दंगलीत, विशेषतः निवडणुकीच्या दंगलीत नाव आलेले अशांचा मुख्यतः विचार करायचा आणि नावागणिक निर्णय घ्यायचा. निकालानंतर आठवडाभराने हत्यारं परत द्यायची. प्रत्यक्षात ठाण्यातून फोन येतो, 'उद्या बंदूक घेऊन या', आणि माणूस घेऊन जातो. वाद घालायची तुमची तयारी असेल तर फोनवर घालू नका. समितीचा लेखी आदेश मागा, आणि समितीकडे अर्ज करून पिकाचा हंगाम, क्षेत्र, गुन्हा नसल्याचं प्रमाणपत्र आणि वन खात्याकडे केलेल्या नुकसानीच्या तक्रारी जोडा. हा अर्ज आचारसंहिता लागायच्या आधीच तयार ठेवावा. नंतर यंत्रणेला वेळ नसतो.

जमा करायची वेळ आलीच, तर आधी बंदूक रिकामी आहे याची खात्री. ठासणीच्या बंदुकीत हे डोळ्यांनी दिसत नाही. कानावर टोपी नाही हे पाहायचं, नळीचं तोंड कोणाकडे नसेल असं धरायचं, दारू ठासायचा गज आत सोडायचा, तोंडापाशी त्यावर बोटाने खूण धरायची, मग गज बाहेर काढून नळीच्या बाहेरून लावून बघायचा. गजाचं टोक कानापर्यंत पोचलं तर नळी रिकामी. चार बोटं अलीकडे राहिलं तर आत बार आहे, आणि तो जाणत्याकडून काढून घेतल्याशिवाय ती ठाण्यात न्यायची नाही. दमट हवेत दोन-अडीच महिने कोपऱ्यात उभी राहिलेली नळी आतून गंजते, म्हणून नेण्याआधी साफ करून तेलाचा हात फिरवावा, आणि परत आल्यावर पहिला बार भरण्याआधी नळी कारागिराकडून तपासून घ्यावी. गंजाने खाल्लेली नळी फुटते ती मारणाऱ्याच्या हातात.

माळ्यावरची बंदूक

२०१९ पर्यंत एका माणसाला तीन हत्यारं ठेवता यायची, आता दोनच. वारशाने आलेल्यांनाही हीच मर्यादा. सूट मुख्यतः नेमबाजांना. १० मीटरच्या स्पर्धेतली ४.५ मिलिमीटरची एअर रायफल या मोजणीत येतच नाही. .१७७ इंचापर्यंतचा बोअर आणि २० ज्यूलपर्यंतची ताकद असलेल्या हवेच्या बंदुकीला परवानाच लागत नाही.

बहुतेक घरांत प्रश्न उभा राहतो तो परवानाधारक आजोबा गेल्यावर. बंदूक माळ्यावर, परवाना कपाटात, आणि दिवसकार्याच्या गडबडीत दोन्हींचा विसर. पण परवाना माणसाच्या नावाचा असतो, घराच्या नाही. मृत्यूनंतर ज्याच्या ताब्यात हत्यार राहतं, त्याने ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायचं, असं कलम २१ सांगतं. वारसाला परवाना मिळू शकतो. बाकी वारसांची नाहरकत आणि स्वतःची पात्रता लागते. यातली सोपी वाट आजोबा हयात असतानाच घ्यायची. धारकाचं वय ७० झालं, किंवा हत्यार त्याच्याकडे २५ वर्षं असलं, की तो कायदेशीर वारसाच्या नावे परवाना देण्याची मागणी करू शकतो. सही करायला माणूस समोर असतो, भावंडांचे वाद सुरू झालेले नसतात, आणि हत्यार एक दिवसही बेवारस राहत नाही.

वाड्याच्या भिंतीवरच्या तोड्याच्या, म्हणजे जळत्या वातीने उडणाऱ्या जुन्या बंदुकीसाठी कलम ४५ मध्ये सूट आहे, पण ती दुरुस्ती करूनही उडणार नाही अशीच असली पाहिजे. 'जुनी आहे' एवढं पुरत नाही. शंका असेल तर शस्त्र कारागिराचा लेखी अभिप्राय घेऊन ठेवावा.

आणि जमा करायला गेलात की पावती घेतल्याशिवाय निघू नका. तिच्यावर बंदुकीचा नंबर, बोअर, बनवणारी कंपनी आणि सोबत दिलेल्या काडतुसांची संख्या लिहिली आहे ना, आणि नळीवर कोरलेला नंबर परवान्यावरच्या नंबराशी जुळतो ना, हे तिथेच उभं राहून अक्षर न् अक्षर ताडून बघा.